मेलेली दाढ बोलते काय?

सासरी मला चांगलं म्हणावं असं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. भाकर माझी जाड व्हायची आणि एका अंगानं करपायची. वावरात तण निंदायला बसले की माझी पात सगळ्या बायांच्या मागे. आणि बोलायला असं, की कोणी एक बोललं तर मी दोन परत केल्याशिवाय राहायची नाही. "हिच्या हातापरीस हिचं तोंड चालते," असं माझ्या सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या फार बोलत नसत, पण बोलल्या की दहा घरांत ऐकू जायचं. आणि गंमत पाहा, पुढे गावात मला जो काही मान मिळाला तो या तोंडानंच मिळवून दिला.

आमचं गाव कळंबपासून पायी तासाभराचं. खळं उठलं की आमच्याकडे पुढच्या पेरणीची जवारी वेगळी काढायचे. टपोरी कणसं निवडायची, हातानं झोडपायची आणि अंगणात चादरीवर आठ-दहा ऊन दाखवायचं. मग राख आणि कडुनिंबाचा पाला घालून बांबूच्या कणगीत भरायची आणि कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं. ते मृगापर्यंत उघडायचं नाही. दाण्यात थोडीही ओल राहिली तर बी आतल्या आत तापते, बुरशी धरते, आणि मग पेरणीच्या दिवशी कपाळाला हात लावून बसा.

तर बी वाळलं की नाही, हे सांगणार कोण? दाढ सांगणार. दाणा दाढेखाली धरून पाहायचा. तसा दाणा कोणीही चावते, त्यात काय मोठं. पण आमच्या ओळीतल्या सात-आठ घरांत शेवटचा शब्द आमच्या घराचा असायचा. बाया सुपात मूठभर जवारी घेऊन यायच्या, ओट्यावर बसायच्या आणि आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहत राहायच्या. आत्याबाई "वाळली" म्हणाल्या की कणगी लिंपायची, "दोन ऊन अजून" म्हणाल्या की चादर पुन्हा पसरायची.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा आत्याबाईंची शेवटची दाढ गेली. त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि हातावर दाणा ठेवला.

"डोये मीट. श्वास धर. अन् दाब. चावाचं नाही, दाबाचं."

मी दाबला.

"काय ऐकू आलं?"

"कट् झालं."

"मंग वाळला. ओला असन त चप् होते. अधला-मधला असन त ठप्प होते, त्याले दोन ऊन लागते. हे बाहेरच्या माणसाले ऐकू येत नाही. हाडातून तुह्या कानात जाते. म्हणून खोटं बोलाचं नाही, तुह्याशिवाय साक्षीदार कोणी नसते."

हे मला लगेच जमलं. का जमलं, देवाला ठाऊक. भाकर जमली नाही, पण हे जमलं. दुसऱ्या वर्षापासून बाया माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या, आणि मला, खरं सांगते, लई बरं वाटायचं. माझं सगळं काम उजवीकडच्या खालच्या एका दाढेवर चालायचं. डावीकडच्या दोन दाढा माहेरीच किडून गेल्या होत्या, बाजारात बसणाऱ्या दात काढणाऱ्यानं उपटल्या होत्या. त्या बाजूनं नुसत्या हिरड्या.

साठ सालच्या पुढचं एक वर्ष असेल. माघ महिना होता. मी कुणाच्या तरी सुपातला दाणा दाढेखाली धरला आणि दाबला, तर दाणा नव्हताच तो. जवारीच्याच रंगाचा खडा होता. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दाढेत तडा गेला, हे मला तेव्हाच कळलं. पण समोर चार बाया बसलेल्या. मी खडा थुंकला, हसले, दुसरा दाणा घेतला आणि डोळ्यांत पाणी येऊ न देता "वाळली" म्हणाले. ती खरंच वाळली होती, नशीब.

त्यानंतर मी मूग गिळून बसले. मी, जिचं तोंड एक मिनिट बंद राहायचं नाही, ती. सकाळ-संध्याकाळ लवंग दाबून धरायची, पाणी कोमट करून प्यायची आणि कोणी विचारलं तर डोकं दुखते म्हणायची. सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही नसतं झालं. पण मला वाटलं, एवढी एक गोष्ट होती आपल्याजवळ, तीही गेली म्हणतील.

शेवटची दोन घरं राहिली होती. एक समोरची चुलतसासू आणि दुसरं आमचं स्वतःचं. चुलतसासूच्या जवारीचा दाणा मी दाढेवर ठेवला आणि दाबायची हिंमतच झाली नाही. पुढच्या दातांनी कुरतडला. पुढचे दात काही सांगत नाहीत, ते नुसते फोडतात. मी "वाळली" म्हणाले. दुसऱ्या दिवशी आमच्या जवारीलाही तसंच. आत्याबाईंनी सांगितलं होतं खोटं बोलायचं नाही, आणि मी दोन दिवसांत दोनदा खोटं बोलले.

चैत्रात एका दुपारी आत्याबाई कणगीजवळून चालल्या होत्या. चालता चालता थांबल्या आणि कणगीला तळवा लावला. मग वाकून वास घेतला. मी चुलीपाशी होते. त्यांनी विळ्यानं लिंपण फोडलं आणि आत हात घातला. हातात जवारीची गोळी आली, चिकटलेली, हिरवट, गरम.

मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. पण त्या माझ्याजवळ आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आ कर."

मी तोंड उघडलं. त्यांनी बोट घालून दाढ चाचपली आणि मी अशी किंचाळले की बैल उठून उभा राहिला.

"दुखून राह्यली होती त सांगाचं नाही काय वो? दाढ फुटली त फुटली. पण खोटं कायले बोलली?"

चुलतसासूची कणगीही फोडली, तीही तशीच. ती आमच्या अंगणात येऊन बसली, पदर डोक्यावरून पडलेला. "तुह्या भरोशावर कणगी लिंपली मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. तिनं शिव्या दिल्या नाहीत. त्या दिवशी मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

माझ्या माहेरी केळापूरकडे निरोप गेला आणि भावानं बैलबंडीत घालून दोन्ही घरांपुरतं बी आणून टाकलं. पेरणी चुकणार नव्हती. पण आता ओट्यावर सूप घेऊन कोणी येणार नाही, हे मला कळत होतं. गाल सुजून गोळा झाला होता, त्याचं एवढं नाही, पण हे फार लागलं.

माझे मालक स्वभावानं गमत्ये. सूज पाहून म्हणाले, "बत्तीस हायेत, एक गेली त एकतीस. चाल यवतमायले, काढून टाकू अन् संध्याकायच्या मोटारीनं वापस." तेव्हा यवतमाळला दातांचा एक डॉक्टर आला होता, एवढं त्यांना बाजारात कळलं होतं. आम्ही कळंबला मोटार धरली.

डॉक्टर तरुणच होता. एका खोलीत उंच खुर्ची आणि खुर्चीजवळ पायानं फिरवायचं एक यंत्र, शिलाईच्या मशीनसारखं. त्यानं बारीक आरसा तोंडात घातला, एकेका दाताला ठकठक करून पाहिलं आणि मग माझ्या मालकांशी न बोलता माझ्याशी बोलला. हे मला आवडलं.

"ही दाढ काढायला मला पाच मिनिटं लागतील," तो म्हणाला. "वाचवायला तुम्हाला पाच वेळा यावं लागेल. काय करू?"

मालक म्हणाले, "काढा जी."

"थांबा. बाईंच्या डावीकडे खाली दाढा नाहीत. उजवीकडची ही एकच कामाची आहे, हिला वर जोडी आहे. ही काढली तर पुढच्या दातांनी किती दिवस खातील? वय काय तुमचं, पंचवीस?"

"असन तेवढंच," मी म्हणाले. "अन् वाचवली त काय होईन?"

त्यानं कागदावर दाढेचं चित्र काढून दाखवलं. आत पोकळी, पोकळीतून मुळांत उतरणाऱ्या बारीक नळ्या आणि नळ्यांत नस. ती नस सडायला लागली म्हणून ठणका. "ती नस मारायची, नळ्या साफ करायच्या आणि औषध भरून बंद करायच्या. रूट कनाल म्हणतात याला. दाढ जागच्या जागी राहते, खायला कामी येते. पण आतून ती जिवंत नसते."

"नक्की राह्यते?"

"नक्की म्हणणार नाही. तडा मुळापर्यंत गेला असेल तर शेवटी काढावीच लागेल. मला तो वरच दिसतो आहे. तुमच्या जागी मी असतो तर वाचवून पाहिली असती."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "तिले आवाज येईन काय?"

त्याला कळेना. मालक हसायला लागले. मी त्यांना गप्प केलं आणि डॉक्टरला सगळं सांगितलं, कट्, चप्, ठप्प, कणगी, सगळं. तो आधी हसला, मग आरसा खाली ठेवून विचारात पडला.

"थंड-गरम कळणार नाही, ठणका कळणार नाही," तो म्हणाला. "पण दाब कळतो. दाब कळतो तो दाढेच्या बाहेरून, हाडाकडून, आणि तिथं मी हात लावत नाही. आवाजाचं मात्र मला सांगता येणार नाही, बाई. हे मला आजवर कोणी विचारलंच नाही. तुम्हीच मला येऊन सांगा."

सूज उतरायच्या गोळ्या देऊन त्यानं आठ दिवस विचार करायला सांगितलं.

मोटारीत मालक म्हणाले, "दात कोरून पोट भरत नाही, अन् ह्याईले पाच पाच खेपा पाह्यजेत. पेरणी तोंडावर आली." मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "पण दाढ तुही हाय. तुहा इचार काय?" मला विचार करता येत नव्हता. मी खिडकीबाहेर पाहत बसले.

विचार करायला गावानं मदत केली म्हणायची. मालकांनी पारावर बसून डॉक्टरची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं धुवायला गेले तर प्रत्येकीच्या तोंडी एकच: हिची दाढ मारून तोंडातच ठेवणार. आता कोणाला बोलू? आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरी येऊन मालकांना जे बोलायचं ते बोलले, ते वेगळं.

चुलतसासू तर ओट्यावरच आली. "मेलेली दाढ बियाले लावशीन? बी जित्तं असते वो. मेलेल्यानं जित्तं पाह्याचं?"

"चावलेलं बी कोणी पेरते काय?" मी म्हणाले. "थे त थुकून देतो आपण."

"थुकलं त थुकलं. मेलेली दाढ बोलते काय? तिले काय समजते ओलं अन् वायलं?"

मी तडातडा बोलले, पण ते मला आत कुठंतरी टोचलं. आमच्याकडे घरात सुतक असलं की बियाला हात लावत नाहीत. मग तोंडात सुतक घेऊन फिरणारी बाई बी कसं पाहणार? आणि खरंच, मेलेली वस्तू बोलते का? चार दिवस मी हेच डोक्यात घोळवलं. शेवटी वाटलं, काढून टाकावी. मेलेली दाढ तोंडात ठेवून लोकांच्या नजरा झेलण्यापरीस रिकामी हिरडी बरी. निदान कोणाला संशय तरी येणार नाही. पाच खेपा वाचतील, मालक सुटतील. मी आत्याबाईंना म्हणाले, "बाजाराच्या दिवशी कयंबले जातो अन् उपटून आणतो." बाजाराच्या दिवशी त्या लुगडं बदलून माझ्या आधी दारात उभ्या.

दात काढणारा बाजाराच्या टोकाला लिंबाखाली बसायचा. समोर लाल फडकं, त्यावर दोन चिमटे, रंगीत पाण्याच्या बाटल्या आणि मधोमध दातांचा ढीग. हा ढीगच त्याची पाटी. जितका ढीग मोठा तितका माणूस हुशार, असा हिशोब. पिवळे, काळे, किडके, मुळांसकट. मी खोक्यावर बसले आणि आ केला. त्यानं चिमटा पुसला.

आत्याबाई खाली बसल्या होत्या आणि त्या ढिगाकडे पाहत होत्या.

"हे सारे दात इथचेच हायेत काय गा?" त्यांनी विचारलं.

"इथचेच, बुढीमाय. माह्या बापाच्या हातचेही हायेत यात."

आत्याबाईंनी बोटानं ढीग जरासा हलवला. "मंग माहेही असतीन."

"असतीन ना."

"कोन्ते?"

तो हसला. "आता कोन्ते कोणाचे थे कसं सांगू?"

आत्याबाई हसल्या नाहीत. बोट ढिगातच होतं त्यांचं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथच आणलं मले तुह्या सासऱ्यानं. दर वेळी इथच. दुखली का काढ, दुखली का काढ. राहू शकते म्हणून कोणी सांगतलंच नाही. मले मालूमच नवतं का राहूही शकते. शेवटची काढली, त्या दिवशी घरी येऊन जवारीचा दाणा तोंडात टाकला मी. हिरडीनं दाबला. काहीच नाही. मुकी झाल्यावानी वाटलं मले."

एवढं त्या सहा वर्षांत माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. मी आ केलेलाच होता, तसाच राहिला.

"तुही दाढ हाय, तू पाह्य," त्या म्हणाल्या. "लोकं बोलतीन. लोकं त मी काढली तवाही बोलले, बुढी झाली म्हणून. पण तुले दोन रस्ते सांगणारा भेटला. मले एकच भेटलता."

मी उठले.

"अव बाई, बसली होती ना?" दात काढणारा चिमटा घेऊन तसाच.

"बसली होती, आता उठली!" मी म्हणाले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण माझा स्वभाव तो तसाच. आम्ही कळंबच्या चिंतामणी गणपतीच्या पाया पडलो, मिरच्या घेतल्या आणि घरी आलो. वाटेत मी चालत होते ती जवळजवळ पळतच.

वैशाखाच्या उन्हात पाच खेपा झाल्या. मालक वावरात गुंतले म्हणून पहिल्या खेपेला आत्याबाई आल्या. डॉक्टरचा माणूस पायानं यंत्र फिरवायचा आणि डॉक्टर ती घरघरणारी सुई दाढेत घालायचा. माय वो! हाडं हलायची. मी खुर्चीचे हात धरून ठेवले आणि आत्याबाईंनी माझा पाय धरून ठेवला. औषध भरून त्यानं नस मारली, तेव्हा दोन दिवस ठणका असा की भिंतीवर डोकं आपटावं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर काहीच नाही. इतके महिने चोवीस तास तोंडात ओरडणारं पोर एकाएकी गप्प झालं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी आधी घाबरलेच. खरंच मेली, असं वाटलं.

पुढच्या खेपांना केसासारख्या बारीक सुया घालून त्यानं नळ्या साफ केल्या. आत्याबाई मान लांब करून पाहायच्या आणि "दुखते काय वो?" असं दर थोड्या वेळानं विचारायच्या. दुखत नव्हतं. तिसऱ्या खेपेला मालकही स्वतःहून तयार होऊन बसले. "चाल, तुह्या मेलेलीले भेटून येऊ," म्हणाले. त्यांनीच पारावर गोष्ट पसरवली होती, पण आता कोणी काही बोललं की तेच भांडायचे. शेवटच्या खेपेला डॉक्टरनं वरून चांदी भरली आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत या बाजूनं टणक काही नको. आणि खडे तर कधीच नको."

दिवाळी झाली. मी त्या बाजूनं भाकर खायला लागले, माझी जाड भाकर. चांगली चावल्या जायची. पण जवारीचा कोरडा दाणा मी एकदाही ठेवून पाहिला नाही. आत्याबाईंनीही विचारलं नाही. नाही आला आवाज तर? तोपर्यंत निदान माहीत तर नव्हतं.

माघ आला. अंगणाअंगणात चादरी पसरल्या. आमच्या ओट्यावर त्या वर्षी कोणी आलं नाही. बाया आपापला दाणा आपणच चावायच्या आणि माझ्याकडे पाहून नजर वळवायच्या. समोर चुलतसासू तिच्या तीन-चार दातांनी काहीतरी खटपट करताना दिसायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची.

एका सकाळी, ऊन चांगलं वर आल्यावर, आत्याबाईंनी माझ्यासमोर दोन सुपं ठेवली. दोन्हींत जवारी. "एक चादरीवरची हाय," त्या म्हणाल्या. "दुसरी मी ओल्या पोत्याखाली ठेवली होती. कोन्ती कोन्ती, थे तू सांग."

डोळ्यांना दोन्ही सारख्याच. मी पहिल्या सुपातला एक दाणा घेतला. दाढेवर ठेवला आणि दाबला. काहीच कळलं नाही. जिवंत असताना दाढ दाण्याला आधी ओळखायची, तसं काही झालं नाही. भिंतीतला दगड जसा, तशी ती दाढ. मग आठवलं, मी डोळे मिटलेच नव्हते. श्वास धरलाच नव्हता. भीतीनं सगळं विसरले होते.

डोळे मिटले. श्वास धरला. नवा दाणा हळू, अगदी हळू दाबला.

कट्.

स्वच्छ. हाडातून थेट कानात, आधी यायचा तसाच. मी दुसऱ्या सुपातला दाणा घेतला. चप्. पुन्हा पहिल्यातला. कट्. मला रडूच आलं. "हे वायलं," मी म्हणाले, "अन् हे ओलं," आणि दोन्ही सुपांना हात लावून लहान पोरीसारखी हसत आणि रडत बसले.

आत्याबाई "हं" म्हणाल्या. बरोबर होतं.

चुलतसासू केव्हाची फाटकाजवळ येऊन उभी होती. "तिले वाटते आपलं तसं," ती म्हणाली. "मेलेली दाढ बोलते काय? आपल्याले कुठं ऐकू येते थे!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आत्याबाई उठल्या आणि माझ्या अगदी जवळ येऊन बसल्या. माझं डोकं एका हातानं धरलं आणि त्यांचा कान माझ्या उजव्या गालावर, दाढेवर, घट्ट टेकवला. त्यांच्या केसांना खोबऱ्याच्या तेलाचा वास येत होता. इतक्या जवळ त्या कधी आल्या नव्हत्या.

"दाब," त्या म्हणाल्या.

मी चादरीवरचा दाणा दाबला. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. मी ओल्यातला दाबला. माझ्या डोक्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला. मग कान न काढता, फाटकाकडे न पाहता, त्यांनी समोर हात केला.

"तुही जवारी आण."

चुलतसासू घुटमळली. मग रस्ता ओलांडून गेली आणि मूठभर जवारी आणून माझ्या हातावर ओतली. मी दाणा घेतला, डोळे मिटले, दाबला. ठप्प.

"दोन ऊन अजून," मी म्हणाले.

"दोन ऊन अजून," त्याच वेळी माझ्या गालापाशी आत्याबाई म्हणाल्या.

चुलतसासूनं आमच्या दोघींकडे पाहिलं. मग गेली आणि तिच्या अंगणात गुंडाळलेली चादर पुन्हा उन्हात पसरायला लागली.

आत्याबाईंनी कान काढला नाही. माझा गाल ओला झाला होता, आणि ते माझ्या डोळ्यांतलं पाणी नव्हतं.

"आनखी एक दाब," त्या म्हणाल्या.